न ऐकू येणाऱ्या आवाजासाठी महागडा स्पीकर कशाला?



मोबाइलवर हल्ली ‘सबलिमिनल ऑडिओ’ नावाचा प्रकार फिरतो आहे. वर पावसाचा आवाज किंवा मंद संगीत, आणि त्याखाली ‘मी हुशार आहे’, ‘माझी भीती गेली’, ‘मी पास होणार’ अशी वाक्ये इतक्या बारीक आवाजात घातलेली, की कानाला ती कळतच नाहीत. ती थेट अंतर्मनात जाऊन बसतात, असा दावा केला जातो. भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले, झोप न लागणाऱ्या आयाबहिणी, दारू सोडू पाहणारे बापभाऊ असे आधाराच्या शोधात असलेले लोकच याकडे वळतात. मग पुढचा प्रश्न येतो, ‘यासाठी स्पीकर कोणता घ्यावा? किती हर्ट्झपर्यंतचा?’

माझे मत सरळ आहे. यासाठी स्पीकर घेऊच नये. त्याची कारणे पाहू.

आधी आवाजाचे गणित समजून घेऊ. एका सेकंदात हवेची किती कंपने होतात ते हर्ट्झमध्ये मोजतात. ढोलाचा घुमणारा आवाज कमी हर्ट्झचा, शिट्टीचा टोकदार आवाज जास्त हर्ट्झचा. निरोगी तरुण माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वय वाढते तशी वरची बाजू कमी होत जाते.

दडवलेली वाक्ये दोन पद्धतींनी घालतात. पहिल्या पद्धतीत साधे बोलणे संगीताखाली दाबलेले असते. माणसाचे बोलणे समजायला फार मोठा पट्टा लागत नाही. जुन्या टेलिफोनच्या तारेतून सुमारे 300 ते 3,400 हर्ट्झ एवढाच आवाज जात असे, तरी आपण गावाकडची खुशाली नीट समजून घेत होतो. म्हणजे या पहिल्या प्रकाराला कुठलाही साधा स्पीकर पुरतो. ‘खास सबलिमिनलसाठी’ म्हणून जास्त पैसे मोजण्याला काही अर्थ नाही.

दुसऱ्या पद्धतीला ‘सायलेंट’ म्हणतात. 1992 साली अमेरिकेत याचे एक पेटंट दिले गेले. त्यात बोलणे साधारण 14,500 हर्ट्झच्या आसपासच्या उंच आवाजावर चढवलेले असते. विक्रेते ‘20,000 हर्ट्झपर्यंतचा स्पीकर हवा’ म्हणतात ते यासाठी. पण इथेच गाडी अडते. मोबाइलवरून आलेल्या बऱ्याच फाइली लहान करताना 16,000 हर्ट्झच्या वरचा भाग बहुधा छाटलेला असतो. जो आवाज फाइलमध्येच नाही तो महागडा स्पीकर कुठून आणणार? चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या कानांना एवढा उंच आवाज पोचतच नाही. आणि तरुणाच्या कानाला पोचला तरी बारीक शिट्टीसारखा पोचतो, शब्द म्हणून नाही. एफएमवरचे भाषण ऐकायला रेडिओ लागतो, कारण लहरींतून शब्द वेगळे काढायचे काम तो करतो. आपल्या कानात तसे यंत्र नाही. पेटंट मिळाले म्हणजे गुण सिद्ध झाला असेही नव्हे. पेटंट कल्पनेच्या नवेपणावर मिळते, औषधासारखी माणसांवर चाचणी करून नाही.

या सगळ्या गोष्टीची सुरुवातच खोटी आहे. 1957 साली अमेरिकेत जेम्स विकरी नावाच्या जाहिरातवाल्याने जाहीर केले, की सिनेमा चालू असताना पडद्यावर डोळ्याला न दिसणारे संदेश दाखवून आपण पॉपकॉर्न आणि कोका-कोलाची विक्री वाढवली. जगभर खळबळ उडाली. 1962 मध्ये त्यानेच मुलाखतीत कबूल केले, की ती धंद्यासाठी केलेली क्लृप्ती होती.

पुढे दडवलेल्या आवाजाच्या कॅसेटी बाजारात आल्या, तेव्हा मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची नीट परीक्षा घेतली. ती 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. काही कॅसेटी स्मरणशक्तीच्या होत्या, काही आत्मविश्वासाच्या. संशोधकांनी काही कॅसेटींवरची लेबले अदलाबदल केली. लोकांनी महिनाभर रोज त्या ऐकल्या. कॅसेटीत जे भरले होते त्याचा दावा केलेला परिणाम दिसला नाही. पण एक तृतीयांशाहून अधिक लोकांना लेबलावर जे लिहिले होते त्यातच आपली सुधारणा झाली असे वाटले. स्मरणशक्तीचे लेबल पाहिलेला म्हणाला स्मरण सुधारले, आत कॅसेट भलतीच असली तरी. ‘मला तर फरक पडला’ हे ऐकून आपण पैसे खर्च करतो, तेव्हा हा प्रयोग आठवावा.

आपल्या आईबापांनी गंडेदोरे, अंगारे-धुपारे घराबाहेर काढले. तोच दोरा आता हर्ट्झ आणि फ्रिक्वेन्सीची भाषा बोलत परत येत असेल, तर त्यालाही पुरावा विचारलाच पाहिजे.

कोणी म्हणेल, ऐकले तर बिघडते काय? बिघडू शकते. काहीच ऐकू येत नाही म्हणून माणूस आवाज वाढवतो आणि इअरफोन लावून रात्रभर झोपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ठीक, पण 90 डेसिबलला ही मर्यादा 4 तासांवर येते. कानाच्या आतल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. काही जण लहान लेकराच्या उशाशीही असा ‘मुका’ आवाज लावतात. मुलांना उंच आवाज मोठ्यांपेक्षा चांगला ऐकू येतो. जो आवाज आईला कळत नाही तो बाळाला टोचत असू शकतो.

याहून मोठा धोका म्हणजे खरा उपचार लांबणे. आठवडेच्या आठवडे झोप येत नाही, मन उदास आहे, दारू सुटत नाही, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते, ही आजाराची लक्षणे आहेत. त्यासाठी सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते. जवळच्या सरकारी दवाखान्यातही विचारा. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

आणि अभ्यासाचे? पाठ वाचावा, पुस्तक मिटावे, आठवेल तेवढे लिहून काढावे, दोन दिवसांनी पुन्हा तेच करावे. ही पद्धत संशोधनात वारंवार खरी ठरली आहे आणि तिला रुपयाही लागत नाही. जोडीला पुरेशी झोप हवी, कारण दिवसा वाचलेले मेंदू झोपेत पक्के करतो.

घरात गाणी, भाषणे, ऑनलाइन तास ऐकायला स्पीकर हवाच असेल तर जरूर घ्या. पण खोक्यावरचे ‘20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ’ किंवा हजारो वॉट ‘पीएमपीओ’ वाचून भुलू नका. छोट्या डब्यातून खरा 20 हर्ट्झ निघत नाही. ‘आरएमएस’ वॉट किती ते विचारा. दहा बाय बाराच्या खोलीला 5 ते 10 वॉट पुष्कळ झाले. दुकानातच कोणाचे तरी भाषण लावून ‘स’, ‘श’, ‘फ’ स्पष्ट ऐकू येतात का पाहा. पक्के बिल आणि वॉरंटी घ्या. घरी पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पत्रा थरथरतो आणि शेजाऱ्याची झोप मोडते.

त्या स्पीकरवर जे ऐकायचे ते कानाला कळेल असेच ऐका. आपल्या मुलाला ‘तू करशील’ असे सांगायचे असेल, तर ते संगीताखाली दडवू नका. त्याच्या शेजारी बसून स्वतःच्या तोंडाने सांगा.