संरक्षण खर्चाचा हिशेब : गोपनीयता हवी, पण मुदतही हवी

करोल बाग (नवी दिल्ली) : करोल बाग आणि त्याला लागून असलेल्या जुन्या राजेंद्रनगरमधील अभ्यासिकांत केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. ‘पारदर्शकता आणि उत्तरदायित्व’ हा त्यांच्या अभ्यासक्रमातील एक घटक. याच परीक्षेतून भारतीय संरक्षण लेखा सेवेचे आणि भारतीय लेखापरीक्षण व लेखा सेवेचे अधिकारी निवडले जातात. सैन्यदलांच्या खर्चाचा हिशेब ठेवणे आणि तो तपासणे हे काम पुढे त्यांच्याकडेच येते. सरकार संसदेला उत्तरदायी असते, हे परीक्षेपुरते उत्तर सोपे आहे. संरक्षणाच्या बाबतीत अवघड प्रश्न वेगळाच आहे : ते उत्तर मिळते कधी?

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी ६.८१ लाख कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. कोणत्याही मंत्रालयाच्या वाट्याला आलेली ही सर्वांत मोठी रक्कम. खर्चाला मंजुरी देण्याचा अधिकार लोकसभेचा आहे. मात्र २०१८ आणि २०२३ मध्ये गदारोळामुळे संरक्षणासह सर्व मंत्रालयांच्या अनुदान मागण्या चर्चेविना एकत्रितपणे मंजूर झाल्या. खर्चापूर्वीची तपासणी अशी निसटली की सारी भिस्त खर्चानंतरच्या लेखापरीक्षणावर राहते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५१ नुसार भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक आपला अहवाल राष्ट्रपतींना सादर करतात आणि राष्ट्रपती तो संसदेपुढे ठेवण्याची व्यवस्था करतात. त्यासाठी किती दिवसांची मुदत, याबाबत राज्यघटना मौन बाळगते.

या विलंबाची किंमत बोफोर्स प्रकरणाने दाखवून दिली. २४ मार्च १९८६ रोजी स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी ४१० तोफांसाठी सुमारे १,४३७ कोटी रुपयांचा करार झाला. लाचखोरीचा आरोप एप्रिल १९८७ मध्ये पुढे आला तो स्वीडिश नभोवाणीवरून. महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला जुलै १९८९ मध्ये, कराराला तीन वर्षे उलटून गेल्यावर. त्यानंतर विरोधी पक्षांच्या लोकसभा सदस्यांनी सामुदायिक राजीनामे दिले. वर्षअखेरच्या निवडणुकीत सत्तांतर झाले. त्या वेळी स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ असलेल्या करोल बागेतही काँग्रेसची जागा भारतीय जनता पक्षाच्या कालका दास यांनी जिंकली. त्या निकालामागे अनेक कारणे होती. परंतु बोफोर्स हा प्रचारातील सर्वांत ठळक मुद्दा होता, हे निर्विवाद.

मतदारांनी पाच वर्षांच्या आत कौल दिला. न्यायप्रक्रियेला ते जमले नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हिंदुजा बंधूंवरील आरोप रद्द केले. त्याविरुद्ध केंद्रीय अन्वेषण विभागाने केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये फेटाळले, कारण ते दाखल करण्यास साडेचार हजारांहून अधिक दिवसांचा विलंब झाला होता. दरम्यान, याच तोफांनी १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर आपली उपयुक्तता सिद्ध केली. मात्र संशयाच्या सावटामुळे परदेशी तोफांची पुढची मोठी खरेदी, म्हणजे अमेरिकेच्या एम-७७७ तोफांचा करार, होण्यास २०१६ साल उजाडले. वेळेवर हिशेब न झाल्याने दोषी कोण हे ठरले नाही आणि सैन्यालाही तीन दशके वाट पाहावी लागली.

पुढे गोपनीयतेचा पडदा अधिक दाट झाला. ३६ राफेल विमानांच्या २०१६ मधील करारावरील महालेखापरीक्षकांचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये संसदेत मांडला गेला. आधीच्या प्रस्तावाच्या तुलनेत हा करार २.८६ टक्क्यांनी स्वस्त असल्याचे त्यात म्हटले होते. परंतु मूळ किमतींचे आकडे संरक्षण मंत्रालयाच्या आग्रहावरून झाकलेले होते. टक्केवारी दिसते, पण ती कशाची हे दिसत नाही, अशी वाचकाची स्थिती झाली. याउलट, भारताने अमेरिकेकडून घ्यावयाच्या ३१ एमक्यू-९बी ड्रोनची अंदाजे कमाल किंमत, ३.९९ अब्ज डॉलर, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली ती अमेरिकी काँग्रेसला दिलेल्या सूचनेतून. प्रत्यक्ष करार ऑक्टोबर २०२४ मध्ये झाला. भारतीय करदात्याच्या खर्चाचा अंदाज विक्रेत्या देशाचे सरकार आपल्या प्रतिनिधिगृहांना आधी कळवते, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

परदेशातील लष्करी सुविधांच्या बाबतीत तर संसदेची भूमिका आणखी क्षीण आहे. आंतरराष्ट्रीय करारांना संसदेची मान्यता घेण्याचे बंधन भारतात सरकारवर नाही. सेशेल्सच्या अझम्प्शन बेटावरील सुविधांसाठी जानेवारी २०१८ मध्ये सुधारित करार झाला. तेथील राष्ट्रीय सभेत बहुमत असलेल्या विरोधकांनी मान्यता नाकारली आणि करार अडला. लहानशा द्वीपराष्ट्राच्या लोकप्रतिनिधींना जो अधिकार आहे, तो जगातील सर्वांत मोठ्या लोकशाहीच्या संसदेला नाही. ताजिकिस्तानातील आयनी विमानतळ भारताने अनेक वर्षे खर्च करून विकसित केला. कराराची मुदत संपल्याने तो २०२२ मध्ये ताजिकिस्तानच्या स्वाधीन केल्याचे परराष्ट्र मंत्रालयाने सांगितले ते २०२५ मध्ये, माध्यमांतील वृत्तांनंतर. तळ घ्यावा की सोडावा हा सरकारचा निर्णय आहे. मात्र तो घेतल्याची बातमी तीन वर्षांनी यावी, याचे समर्थन करणे कठीण आहे.

राखीव दलांचे उदाहरण याहून निराळे आणि काहीसे आश्वासक आहे. ६ मे २०२५ च्या अधिसूचनेद्वारे प्रादेशिक सेनेला पाचारण करण्याचे अधिकार लष्करप्रमुखांना देण्यात आले. पायदळाच्या ३२ पैकी १४ बटालियन तैनात करण्याची मुभा, फेब्रुवारी २०२८ पर्यंतची मुदत आणि अर्थसंकल्पात निधी उपलब्ध असण्याची किंवा अंतर्गत बचतीतून तो उभा करण्याची अट, हे सारे राजपत्रात स्पष्ट नमूद होते. अन्य मंत्रालयाच्या मागणीवरून तैनाती झाल्यास खर्च त्या मंत्रालयाने सोसावा, असेही त्यात होते. पुणे आणि कोल्हापूर येथेही प्रादेशिक सेनेच्या मराठा बटालियन असल्याने महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांशी या निर्णयाचा थेट संबंध येतो. सीमेवर तणाव असतानाही संख्या, मुदत आणि पैशाची अट जाहीर करता आली आणि त्यातून सुरक्षेला बाधा आल्याचे कोणी म्हटलेले नाही.

गोपनीयतेचा युक्तिवाद अर्थातच पोकळ नाही. जुलै २०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी दारूगोळ्याच्या १५२ पैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसही पुरणार नाही, असे नोंदविले होते. अशी माहिती शत्रूलाही मिळते, ही चिंता रास्त आहे. त्यानंतर संरक्षणविषयक अहवाल संकेतस्थळावर ठेवण्याची पद्धत थांबली. परंतु शत्रूपासून लपविणे आणि संसदेपासून लपविणे यांत फरक आहे. वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी लागलेल्या आगीत दोन लष्करी अधिकाऱ्यांसह किमान १६ जणांचा मृत्यू झाला. त्यामागे सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांकडे बोट दाखवले गेले. दारूगोळ्याच्या गुणवत्तेचा हिशेब वेळेवर होणे ही तेथे काम करणाऱ्यांच्या जिवाची बाब आहे.

उपाय नवे कायदेग्रंथ लिहिण्याचा नाही. अहवाल राष्ट्रपतींना सादर झाल्यापासून ठराविक दिवसांत संसदेत मांडण्याचे बंधन घालता येईल. झाकलेले आकडे संरक्षणविषयक स्थायी समितीला किंवा लोकलेखा समितीला बंद दाराआड दाखवता येतील. परदेशातील सुविधांसाठीचा करार झाल्यावर आणि संपल्यावर त्याचा उद्देश, कालावधी आणि एकूण खर्च सभागृहापुढे निवेदनाद्वारे ठेवता येईल. यांपैकी एकाही गोष्टीसाठी तोफेचा पल्ला किंवा विमानाची क्षमता उघड करावी लागत नाही. काय झाकायचे हे ठरविण्याचा अधिकार सरकारकडे राहील. किती काळ झाकायचे, याची मर्यादा मात्र संसदेने आखून द्यायला हवी.