नागपूरचे फाल्कन आणि ओझरचा धडा

१/ वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून दक्षिणेकडे पाहिले, की सांताक्रूझच्या धावपट्टीवरून सुटलेली विमाने समुद्रावर झेपावताना दिसतात. त्यांत उद्योगपतींची खासगी जेट विमानेही असतात. त्यांतले एकही आजवर भारतात बनलेले नाही. नागपुरात आता हे चित्र बदलू घातले आहे. या बदलाचे मोल कशावरून ठरवायचे, याचे उत्तर इतिहासात आहे.

२/ जून २०२५ मध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात फ्रान्सच्या दासो कंपनीने अनिल अंबानींच्या रिलायन्स समूहासह एक घोषणा केली. ‘फाल्कन २०००’ हे मोठ्या केबिनचे बिझनेस जेट नागपूरच्या मिहानमध्ये पूर्णपणे जोडले जाईल आणि २०२८ पर्यंत तिथून पहिले विमान उडेल. फाल्कनची संपूर्ण जोडणी फ्रान्सबाहेर प्रथमच होणार आहे. मिहानमध्ये या विमानाच्या नाकाचा भाग २०१९ पासूनच तयार होतो.

३/ ‘महाराष्ट्रात विमान बनणार’ हे वाक्य तेव्हापासून सर्वत्र ऐकू येते. पण ‘बनणे’ या एका क्रियापदात तीन निरनिराळी कामे दडलेली असतात: विमानाचे आरेखन, सुट्या भागांची निर्मिती आणि जोडणी. तिसरे काम पहिल्याकडे आपोआप नेत नाही. याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे.

४/ वर्सोव्याच्या शेजारच्या जुहू विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. भारतीय हवाई वाहतुकीचा तो आरंभ. वैमानिक भारतीय होता, पण ‘पुस मॉथ’ हे विमान इंग्लंडच्या द हॅविलंड कंपनीचे होते. उडवणारे आपले आणि घडवणारे परके, ही विभागणी पहिल्याच दिवशी ठरून गेली.

५/ ती मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचा. १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत त्यांनी बेंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टची स्थापना केली. १९४१ मध्ये तिथून उडालेले पहिले ‘हार्लो’ विमान अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांतून जोडलेले होते. म्हणजे सुरुवात तिथेही जोडणीनेच झाली होती.

६/ फरक पडला तो पुढच्या दशकात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवलेले डॉ. विष्णू माधव घाटगे हे मराठी शास्त्रज्ञ कारखान्याच्या आरेखन विभागाचे प्रमुख झाले. १९५१ मध्ये त्यांचे ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण विमान उडाले आणि १९६४ मध्ये ‘किरण’ हे जेट. हवाई दलाच्या वैमानिकांच्या कित्येक पिढ्या या विमानांवर घडल्या.

७/ आता ओझर पाहावे. नाशिकजवळचा हा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० ही विमानेही तिथे तयार झाली. शेकडो लढाऊ विमाने जोडणारे कुशल हात ओझरने घडवले, विमानांत सुधारणा करणारे केंद्रही उभारले. मात्र मूळ आराखडा परक्याचाच राहिला. त्या साठ वर्षांत ओझरच्या नावावर स्वतः आखलेले एकही नवे लढाऊ विमान लागले नाही.

८/ खुद्द दासोचा इतिहासही हेच सांगतो. त्यांचे पहिले बिझनेस जेट ‘मिस्टेअर २०’ ४ मे १९६३ रोजी उडाले. त्यामागे मिस्टेअर लढाऊ विमाने आखताना कमावलेले ज्ञान होते. २००५ मध्ये उडालेल्या ‘फाल्कन ७एक्स’मध्ये संगणकाच्या मध्यस्थीने चालणारी उड्डाण-नियंत्रण प्रणाली बिझनेस जेटमध्ये प्रथमच आली. तीही मिराज आणि राफेलच्या अनुभवातून.

९/ ब्राझीलने आधी १९५० मध्ये विमान अभियांत्रिकीची संस्था काढली. १९६८ मध्ये ‘बांदेइरान्ते’ हे स्वतःचे विमान उडवले आणि १९६९ मध्ये एम्ब्राएर ही कंपनी स्थापन केली. पायपरची छोटी विमाने तिने परवान्यावर जोडली, पण स्वतःचे आरेखन कधी थांबवले नाही. तीच एम्ब्राएर आज स्वतःची बिझनेस जेट जगभर विकते.

१०/ यावर एक आक्षेप रास्त आहे: संपूर्ण जेट आखणे आणि त्याला जागतिक प्रमाणपत्र मिळवणे हे प्रचंड खर्चाचे काम आहे, आणि भारतातली बाजारपेठ लहान आहे. राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचे ‘सरस’ हे तर चौदा आसनी प्रॉपेलर विमान. २००४ मध्ये उडूनही ते अद्याप सेवेत आलेले नाही. म्हणून नागपूरने उद्याच स्वतःचे जेट काढावे, ही मागणी भाबडी ठरेल.

११/ पण शेपटीचा भाग, केबिनची रचना, एखादी प्रणाली यांचे आरेखन मागता येते. संगणकाधारित उड्डाण-नियंत्रणाचे ज्ञान भारताने ‘तेजस’साठी स्वबळावर मिळवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरला जोडलेले तेजस आकाशात झेपावले. पवईच्या आयआयटीत विमान अभियांत्रिकीचा विभाग आहे. हे धागे मिहानशी बांधण्याचा आग्रह राज्याने आत्ताच धरायला हवा. कारखाना एकदा रुळला, की अटी घालण्याची वेळ निघून जाते.

१२/ २०२८ मध्ये पहिले फाल्कन मिहानमधून उडेल, तेव्हा फिती कापल्या जातील, छायाचित्रे निघतील. इतिहासाच्या अभ्यासकाने त्या दिवशी एकच गोष्ट विचारावी: आराखड्यात बदल करून त्याखाली सही करण्याचा अधिकार नागपुरातल्या किती अभियंत्यांना आहे? उत्तर शून्य आले, तर मिहान हे दुसरे ओझर ठरेल. पाच-पन्नास आले, तर घाटग्यांचे तुटलेले सूत्र पुन्हा हाती लागले असे समजावे.