वास्को द गामा आणि त्याचा वाटाड्या

जालन्यासारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यातील मुलांसही हिंदुस्थानचा शोध लावणारा म्हणून वास्को द गामाचे नाव पाठ असते. १४९८ च्या मे महिन्यात तो कालिकतनजीक पोहोचला, हे खरेच. तथापि आफ्रिकेतील मलिंदी बंदरापासून त्याची गलबते येथवर आणिली ती एका माहीतगार वाटाड्याने. मोसमी वाऱ्यांच्या आधारे अरब व गुजराती व्यापारी त्या समुद्रातून शतकानुशतके ये-जा करीतच होते. पुढे १५०२ त याच गामाने यात्रेकरूंचे जहाज बायकामुलांसह जाळिले. १५२४ त व्हाइसरॉय होऊन तो चौल व गोवा येथे आला. परंतु जेमतेम तीन महिने अधिकार भोगून २४ डिसेंबर रोजी कोचीन येथे मरण पावला. गोव्यातील एक शहर आजही त्याचे नाव धारण करिते. वाटाड्याचे नाव मात्र इतिहासकारांस निश्चित करिता आलेले नाही.

गामाचे धाडस आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याने युरोपातून आफ्रिकेस वळसा घालून येथवर येण्याचा जलमार्ग खुला केला, देश शोधिला नाही, एवढा भेद आईबापांनी मुलांस समजावून द्यावा, आणि त्या अनाम वाटाड्याचेही स्मरण करून द्यावे, अशी आमची विनंती आहे.