पुसूनही उरणारी धूळ

लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या ब्लाइंड्सबद्दल दुकानदार एक वाक्य हमखास ऐकवतो : ‘ओल्या फडक्याने पुसले की झालं.’ वाक्य खोटं नाही. खरं लाकूड पावसाळ्यात फुगतं, त्याला वाळवीची भीती असते, पॉलिश उडतं. या पट्ट्यांना त्यातलं काही होत नाही. स्वयंपाकघरात, न्हाणीघराच्या खिडकीला, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातही त्या तग धरतात. अडचण आहे ती या वाक्यावरून आपण मनात जे गृहीत धरतो त्यात. पुसणं म्हणजेच देखभाल, आणि पुसल्यावर जी वस्तू नव्यासारखी दिसते ती जुनी होतच नाही, अशी आपली समजूत होते. प्लॅस्टिक जुनं होतं. कसं होतं हे ठाऊक नसेल तर आपण वर्षानुवर्षं स्वच्छता करत राहतो, देखभाल मात्र होतच नाही. घरात रांगतं मूल असेल तर या दोहोंतला फरक फार महाग पडू शकतो.

जून १९९६ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने एक इशारा दिला. चीन, तैवान, इंडोनेशिया आणि मेक्सिको इथून येणाऱ्या स्वस्त व्हिनाइल ब्लाइंड्समध्ये शिसं सापडलं होतं. असे सुमारे अडीच कोटी ब्लाइंड्स दरवर्षी त्या देशात येत होते. ॲरिझोना आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांच्या आरोग्य खात्यांनी आयोगाचं लक्ष आधी वेधलं होतं. पट्ट्यांचा पृष्ठभाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला गेला, तेव्हा उलगडा झाला : ऊन आणि उष्णता लागून प्लॅस्टिक जसजसं झिजतं तसतशी शिशाची बारीक भुकटी वर येऊन बसते. काही ब्लाइंड्सवर तिचं प्रमाण इतकं होतं की चौरस इंचाहूनही कमी जागेवरची धूळ रोज पोटात गेली, तर पंधरा ते तीस दिवसांत लहान मुलाच्या रक्तातलं शिसं दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमवर जाऊ शकलं असतं. त्या काळी १० हा चिंतेचा आकडा होता. २०२१ पासून अमेरिकेचं रोग नियंत्रण केंद्र ३.५ वरच सावध होतं, आणि जागतिक आरोग्य संघटना तर सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीच पातळी मानत नाही.

त्या इशाऱ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग मला वाटतो तो साफसफाईबद्दलचा. ब्लाइंड्स धुतल्याने प्लॅस्टिकची झीज थांबत नाही; सहा वर्षांपर्यंतची मुलं असलेल्या घरांनी जुने ब्लाइंड्स सरळ काढून टाकावेत, असं आयोगाने सांगितलं. म्हणजे ही धूळ बाहेरून येऊन पट्टीवर बसलेली नव्हती. पट्टीचीच धूळ होत होती. रस्त्यावरून आलेली धूळ पुसली की जाते. ही पुसली की खालचा थर उघडा पडतो, त्याला ऊन लागतं, आणि काही काळाने भुकटी पुन्हा हजर. आपण जितक्या निष्ठेने पुसू तितक्याच निष्ठेने ती परत येते.

याचं मूळ व्हिनाइलच्या, म्हणजेच पीव्हीसीच्या, घडणीत आहे. हे प्लॅस्टिक उष्णतेच्या बाबतीत मुळातच कच्चं. तापवलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटू लागतो, रेणूंच्या साखळीत दुहेरी बंध तयार होत जातात आणि रंग पिवळा, मग तपकिरी होतो. ते रोखण्यासाठी कारखान्यात त्यात ‘स्टॅबिलायझर’ घालतात. शिशाचे क्षार हे काम चोख करत आणि स्वस्तात करत, म्हणून केबलच्या वेष्टनापासून पाण्याच्या पाइपांपर्यंत ते सगळीकडे गेले. कॅल्शियम-झिंकची किंवा कथलाची संयुगं हे त्याचे पर्याय. १९९६ च्या इशाऱ्यानंतर अमेरिकी बाजारासाठी बिनशिशाचे ब्लाइंड्स बनू लागले. स्टॅबिलायझरखेरीज प्लॅस्टिकमध्ये टिटॅनियम डायऑक्साइड आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साध्या चुनखडीची पूड, मिसळलेली असते. वरचा पातळ थर उन्हाने झिजला की तेही कण सुटे होतात आणि जुन्या डिस्टेंपरच्या भिंतीला टेकल्यावर लागतं तसं पांढरं बोटाला लागतं. तेव्हा बोटाला भुकटी लागली की शिसंच, असं नाही. ती नुसती चुनखडी असू शकेल. पण दोन्ही पांढऱ्या, दोन्हींना वास नाही, आणि डोळ्यांना हा फरक कळणं शक्य नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो. भुकटी आपल्याला एवढंच सांगते की पट्टीचं प्लॅस्टिक सुटायला लागलं आहे. तेवढं सांगणं पुरेसं मानावं.

१९९६ चा इशारा होता तो सुमारे इंचभर रुंदीच्या पातळ पट्ट्यांबद्दल. आज लाकडाच्या रेघा छापून विकल्या जाणाऱ्या पट्ट्या बहुधा दोन इंच रुंद आणि जाड असतात. कधी फेसाळ पीव्हीसीच्या, कधी लाकडाचा भुसा मिसळलेल्या, कधी पॉलिस्टायरीनच्या. घरातला प्रत्येक ब्लाइंड विषारी आहे असा अर्थ कोणी काढू नये. प्रश्न आहे तो माहितीचा. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशावर २०१६ च्या नियमांनी दशलक्ष भागांमागे ९० भागांची मर्यादा घातली, आणि पीव्हीसी पाइपांमधलं शिसं टप्प्याटप्प्याने हटवण्याचे नियम २०२१ मध्ये आले. हे दुसरे नियम पाइप आणि त्यांच्या जोडण्यांचे आहेत. खिडकीवरच्या पीव्हीसीचे नाहीत. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जो नियम केला तो पीव्हीसीच्या वस्तूंना सरसकट लागू होतो : काही अपवाद सोडले तर वजनाच्या ०.१ टक्क्याहून जास्त शिसं नको. आपल्या दुकानात पट्टीचा रंग, रुंदी, हमीची वर्षं सगळं पाठ असतं. ‘यात स्टॅबिलायझर कोणता?’ असं विचारलं की विक्रेता आपल्याकडे बघतच राहतो. तरी विचारावं. लेखी मागावं.

प्रमाणाचंही भान हवं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसं ५ मायक्रोग्रॅमहून जास्त होतं, आणि त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातली. त्याची मोठी कारणं वेगळी आहेत : उघड्यावर फोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्या, भेसळीची हळद, जुने रंग, काही भांडी. खिडकीच्या पट्ट्या या यादीत बऱ्याच खाली येतील. पण शिसं शरीरात साचतं, आणि ज्या मुलाच्या वाट्याला ते इतर वाटांनी आलेलंच आहे त्याच्या खिडकीतून आणखी थोडं येऊ देण्याचं काही कारण नाही.

आता पुसण्याकडे वळू. आपल्याकडे सर्वाधिक वापर झटकणीचा आणि कोरड्या फडक्याचा. या कामाला दोन्ही वाईट. पीव्हीसी कोरडं घासलं की त्यावर स्थिर वीज साठते आणि पट्टी आसपासची धूळ उलट ओढून घेते. आज लख्ख केलेला ब्लाइंड आठवडाभरात पुन्हा मळकट दिसतो तो यामुळेही. आणि जी धूळ पट्टीवर निदान स्थिर होती ती झटकण्याने हवेत, गादीवर, जमिनीवर जाते. जमिनीवर राज्य असतं रांगणाऱ्या बाळाचं, ज्याचा हात दर मिनिटाला तोंडात जातो. त्यामुळे फडकं ओलं पण घट्ट पिळलेलं असावं, पट्ट्या मिटवून वरून खाली पुसत यावं, मग त्या उलट्या फिरवून दुसरी बाजू. फडकं वारंवार धुवावं, शेवटी खिडकीचा कट्टा आणि खालची फरशी ओल्यानेच पुसावी, आणि हे चालू असताना मूल दुसऱ्या खोलीत असावं. स्वयंपाकघरातल्या फोडणीच्या तेलकट थराला भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी पुरतं. थिनर, नेलपॉलिशचा रिमूव्हर, तारेची किंवा खरखरीत घासणी यांनी वरचा छापील थर जातो आणि जी झीज उन्हाला करायला दहा वर्षं लागली असती ती आपण एका दुपारी करतो.

बऱ्याच घरांत हे काम करतात कामाला येणाऱ्या मावशी, तेही दिवसाला चार-पाच घरांत. हातात कोरडं फडकं देऊन ‘जरा पट्ट्यांवरून हात फिरवा’ असं सांगणारी मालकीण स्वतःच्या घराचा विचार करते. मावशींच्या पाच घरांचा आणि त्यांच्या पदराबरोबर त्यांच्या घरी जाणाऱ्या धुळीचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो.

शिशापेक्षा लवकर जीव घेणारी गोष्ट मात्र दोरी आहे. अमेरिकेच्या त्याच आयोगाच्या आकडेवारीनुसार तिथे पाच वर्षांपर्यंतची सुमारे नऊ मुलं दरवर्षी ब्लाइंड्सच्या दोऱ्यांत गळा अडकून दगावतात. बाहेर लोंबणारी ओढायची दोरी धोक्याची आहे हे सहज पटतं. पट्ट्यांच्या आतून जाणारी दोरीही मुलाने बोटाने ओढली की बाहेर येते आणि तिचा फास होतो, हे तितकंसं ध्यानात येत नाही. या आतल्या दोरीमुळेच २००० साली तिथे सुमारे साडेआठ कोटी ब्लाइंड्स दुरुस्तीसाठी जाहीर करावे लागले. गळा आवळला गेल्यावर मूल ओरडू शकत नाही, त्यामुळे आई शेजारच्या खोलीत असूनही तिला कळत नाही. डिसेंबर २०१८ पासून तिथे तयार मिळणारे ब्लाइंड्स बिनदोरीचे किंवा दोरी हाताला न लागणारे असावेत असं प्रमाण ठरलं. कॅनडाने २०२१ पासून मुलाच्या हाताला येईल अशी दोरी २२ सेंटिमीटरहून लांब नको असा नियमच केला.

साफसफाईचा आणि दोरीचा संबंध जवळचा आहे. पुसायला ब्लाइंड अर्धा वर घेतला की दोरी लांब लोंबते. ती पायात येऊ नये म्हणून दोन टोकांची गाठ मारली जाते, आणि त्या गाठीने सुट्या दोऱ्यांचा फास बनतो. काम झाल्यावर ती गाठ तशीच राहते. शिवाय या पट्ट्या खऱ्या लाकडाच्या पट्ट्यांपेक्षा जड असतात; रुंद खिडकीचा ब्लाइंड काही किलोंचा होतो आणि ते सगळं वजन वरच्या पेटीतल्या खिट्टीपाशी घासत जाणाऱ्या दोरीवर. तिथे धागे उसवलेले दिसले तर दोरी बदलायची वेळ झाली. ब्रिटनमध्ये दोरी गुंडाळायची खुंटी जमिनीपासून किमान दीड मीटर उंच असावी असा दंडक आहे. तो आपणही पाळावा. पाळणा, पलंग, सोफा खिडकीपासून दूर असावा. नवे घेत असाल आणि घरात लहान मूल असेल, तर बिनदोरीच्या ब्लाइंड्सला पर्याय नाही असं माझं स्पष्ट मत आहे, किंमत काहीही असो.

या साऱ्याचा एक धागा थेट मराठी घरांत येतो. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या मुलामुलींकडे बाळंतपणासाठी, नातवंड सांभाळायला महाराष्ट्रातून आई-वडील जातात. तिथल्या भाड्याच्या घरांत व्हिनाइलचे ब्लाइंड्स बहुधा घराबरोबरच आलेले असतात. किती जुने, कुणी बसवले, कुणालाच ठाऊक नसतं. आजींना दिवसभर हाताला काम हवं असतं आणि मळलेली खिडकी त्यांना बघवत नाही. बाळ कडेवर, दुसऱ्या हातात फडकं. त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं. सांगायचं तर सून-जावयाने, आणि शक्यतो त्या विमानात बसण्याआधीच. पांढरी भुकटी लागत असेल किंवा दोऱ्या लोंबत असतील, तर पुसत बसण्याऐवजी घरमालकाला लेखी कळवून ब्लाइंड्स बदलून मागावेत.

इथे महाराष्ट्रात दिवाळीच्या आधी वेगळाच प्रकार होतो. अख्खा ब्लाइंड काढून न्हाणीघरात आडवा घालायचा आणि हाताला लागेल ते ओतायचं. वरची धातूची पेटी भिजली की आतले भाग गंजतात, हे नुकसान तसं किरकोळ. मोठा धोका बंद न्हाणीघराचा आहे. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर टाकलेल्या जागी संडास साफ करायचं आम्लाचं द्रव्य पडलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनियाच्या क्लीनरची गाठ पडली तर क्लोरामाइन. खोकला, डोळ्यांची आग जाणवली तर पाणी ओतत उभं राहू नये, आधी मोकळ्या हवेत यावं. ब्लाइंडला यातलं काही लागतच नाही.

पट्ट्या पिवळ्या पडून ठिसूळ झाल्या, वाकल्या, पुसूनही भुकटी देऊ लागल्या की त्यांचं आयुष्य संपलं. पश्चिमेच्या खिडकीत हे लवकर येतं, कारण पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात बंद काच व मिटलेल्या पट्ट्या यांच्यामधली हवा खोलीपेक्षा कितीतरी जास्त तापते. काढताना पट्ट्या मोडू नयेत, ओल्या फडक्याने पुसून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कचऱ्याच्या गाडीला द्याव्यात. गच्चीवर लावलेल्या झाडांना आधार म्हणून त्या वापरू नयेत, मुलांना खेळायला देऊ नयेत, आणि थंडीत इमारतीच्या आवारात पेटणाऱ्या शेकोटीत तर अजिबात टाकू नयेत. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिन तयार होतात, आणि पट्टीत शिसं असेल तर ते धुरात आणि राखेत जसंच्या तसं राहतं.