कॉलेज निवडताना गावही निवडा

चंदगड तालुक्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात मी शिकवते. बारावीचा निकाल लागला की पालक भेटायला येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "मॅडम, कुठलं कॉलेज चांगलं?" कटऑफ, नॅकची श्रेणी, प्लेसमेंटचे आकडे, सगळं त्यांनी आधीच काढलेलं असतं. मी उलट विचारते, "पोरगी राहणार कुठं? जेवणार कुठं?" त्यावर उत्तर येतं, "बघू की, होईल काहीतरी सोय."

ही सोय आधी बघायची गोष्ट आहे. ऑप्शन फॉर्मवर कॉलेजांचा क्रम लावताना ते कॉलेज ज्या गावात आहे, त्या गावाचाही तितक्याच गांभीर्याने विचार व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. चंदगडहून कोल्हापूर शंभरावर किलोमीटर. रोज जाऊन-येऊन शिकणं शक्यच नाही. आमच्या मुलांना घर सोडावंच लागतं, म्हणून हा प्रश्न आमच्याकडे अधिक टोकदार होतो.

माझी एक हुशार विद्यार्थिनी मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात गेली. प्रवेश पक्का झाल्यावर कळलं, वसतिगृहाच्या जागा आधीच भरल्या होत्या. मग कॉट बेसिसवर एका फ्लॅटमध्ये जागा मिळाली. एका खोलीत सहा कॉट, सगळ्यांना मिळून एक बाथरूम. आठच्या प्रॅक्टिकलला पोहोचायचं म्हणून पाचला उठून बादलीचा नंबर लावायचा, मग दोन बस बदलायच्या. मेसचा डबा संध्याकाळी दाराशी ठेवलेला असे, ती परतेपर्यंत भाजी आंबून गेलेली. अभ्यासाला टेबल नाही, दिवा कधी मालवायचा यावर रोज वाद. पहिल्या वर्षी तिचे दोन विषय राहिले. तिच्या बुद्धीत काही कमी नव्हतं. दिवसातले चार तास आणि अंगातलं बळ ते शहर आधीच काढून घेत होतं.

मी स्वतः कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात एम.ए. केलं, तेही वसतिगृहात राहून. १९६२ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ साडेआठशे एकरांवर पसरलेलं आहे. तास संपले की पायी खर्डेकर ग्रंथालयात, तिथून पायी मेसमध्ये. बरोबरच्या काही मुली 'कमवा आणि शिका' योजनेत काम करून शिकत होत्या. रविवारी केएमटीने गावात जायचं, करवीर नगर वाचन मंदिरात पुस्तकं चाळायची. १८५० सालापासूनची ही संस्था. आमच्यातल्या कित्येकींनी पहिलं नाटक केशवराव भोसले नाट्यगृहात पाहिलं. वर्गात शिकले त्याइतकंच मी या येण्या-जाण्यात शिकले.

विद्यार्थ्याला आधी छप्पर आणि ताट लागतं, ही गोष्ट या गावाला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. खेड्यातून आलेल्या बहुजन मुलाला शहरात जातीमुळे कुणी खोली देत नाही, पंगतीला बसवत नाही, हे शाहू महाराजांनी पाहिलं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहं झाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एकाच छपराखाली आणलं. पुण्यातही १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यातल्या मुलांसाठी वसतिगृहं चालवते आहे. महाराष्ट्रातल्या बहुजनांचं शिक्षण वाढलं ते या वसतिगृहांच्या आधारानं.

आज हा मुद्दा पुन्हा ऐरणीवर यायला हवा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींची फी राज्य सरकारने २०२४ पासून पूर्ण माफ केली. निर्णय मोलाचाच आहे. पण फी माफ झाली तरी खोलीभाडं, डिपॉझिट, मेस, प्रवास हे खर्च उरतातच, आणि पोरीला धाडायचं की नाही हे आता त्यांवरच ठरतं. "फी माफ आहे, पण ठेवायची कुठं?" हे वाक्य मी वडिलांच्या तोंडून ऐकते तेव्हा फार वाईट वाटतं.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे. माहितीपुस्तिकेतल्या हिरवळीच्या फोटोंवर जाऊ नका. एखाद्या साध्या कामाच्या दिवशी मुलीला घेऊन त्या गावात जा. रेक्टरना स्पष्ट विचारा, पहिल्या वर्षाला किती जागा देता? मेसमध्ये जेवून पाहा. ग्रंथालय रात्री किती वाजता बंद होतं आणि तिथून वसतिगृहापर्यंत रस्त्यावर दिवे आहेत का, ते अंधार पडल्यावर चालून बघा. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना बाजूला घेऊन विचारा, ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं? दोन कॉलेजांच्या दर्जात उन्नीस-बीसचाच फरक असेल, तर ज्या गावात लेकरू नीट राहील ते गाव निवडा.

अभ्यासक्रम आणि चांगले शिक्षक यांना पर्याय नाही, हे मला मान्य आहे. ज्या विषयाची ओढ आहे तो विषयच जिथं नाही, तिथं केवळ सोयीसाठी कुणी जाऊ नये. पण चांगले शिक्षक लाभूनही पोटभर जेवण आणि पुरेशी झोप नसेल, तर त्या शिकवण्याचा उपयोग किती होणार?

सरकार आणि विद्यापीठांनीही आपला वाटा उचलावा. प्रवेशाच्या माहितीत कटऑफच्या शेजारीच, तितक्याच ठळकपणे, वसतिगृहात पहिल्या वर्षाला मिळणाऱ्या जागा, मेसचा महिन्याचा खर्च आणि शेवटच्या बसची वेळ छापावी. प्रवेशक्षमता वाढवून मागणाऱ्या कॉलेजाला आधी वसतिगृह वाढवायला लावावं. फीमाफीचा निर्णय घेणाऱ्या सरकारला हे अवघड नाही, आणि हे झालं नाही तर त्या माफीचा फायदा शहरात घर असलेल्या मुलींनाच अधिक होईल.