अपंगत्व निवृत्तिवेतन: कागद लष्कराकडे, पुरावा मात्र जवानाकडे मागायचा?

आजारपणामुळे लष्करातून घरी पाठवलेल्या जवानाला काही महिन्यांनी पत्र येते. मजकूर बहुतेक ठरलेला: आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही. एवढ्या एका ओळीवर अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा नाकारला जातो. मग गावातले जाणते सांगतात, दवाखान्याचे कागद तुझ्याकडे नाहीत, आता काही होणार नाही. हा सल्ला चुकीचा आहे.

मुळात हे कागद जवानाकडे असतच नाहीत. ते त्याच्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात असतात. १९४१ साली बेळगावात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमधून आपल्या अनेक घरांतली माणसे निवृत्त झाली. त्यांचे कागद मध्य प्रदेशात सागरला. तिथे माहिती अधिकारात अर्ज करून वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची आणि भरतीवेळच्या तपासणीची प्रत मागता येते. निवृत्तिवेतनाविना सुटलेल्यांची कागदपत्रे मात्र २५ वर्षांनी नष्ट केली जातात. म्हणजे ज्याला सर्वात कमी मिळाले, त्याचाच पुरावा सर्वात आधी जातो. अशा वेळी कागद उपलब्ध नसल्याचे लेखी उत्तर तरी हातात घ्यावे. ते अपिलाला जोडता येते.

कागद थोडे असले म्हणजे दावा कमकुवत, हा समज सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग प्रकरणात मोडला. हा शिपाई १९८५ साली भरती झाला आणि सुमारे नऊ वर्षांनी अपस्माराच्या झटक्यांमुळे, २० टक्के अपंगत्व धरून, सेवेतून काढला गेला. दावा फेटाळला गेला. न्यायालयाने नियम उलगडून सांगितला: भरतीवेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस तेव्हा निरोगी होता असे मानायचे आणि पुढे झालेला आजार सेवेतून आला असे गृहीत धरायचे. तसे नाही म्हणायचे असेल, तर ते सिद्ध करणे लष्कराचे काम. भरतीच्या तपासणीत हा आजार कळणे शक्यच नव्हते असे मंडळाला वाटत असेल, तर त्याची कारणे त्याने लिहावीत. थोडक्यात, भरतीच्या तक्त्यातला कोरा रकाना हाच जवानाचा पुरावा.

यावर सगळे प्रश्न सुटले असे मात्र समजू नये. २०१९ साली नरसिंग यादव प्रकरणात याच न्यायालयाने स्किझोफ्रेनिया झालेल्या सैनिकाचा दावा मान्य केला नाही; असा मानसिक आजार भरतीवेळी लपलेला असू शकतो, हे तिथे निर्णायक ठरले. उलट मे २०२५ मध्ये राजुमोन टी. एम. प्रकरणात, आजार तोच असूनही, मंडळाने कारणे न देता दिलेले मत टिकणार नाही असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे मंडळाच्या कार्यवाहीत 'कारणे' या ठिकाणी नेमके काय लिहिले आहे, हे आधी वाचावे. 'शांतता क्षेत्रात नेमणूक असताना उद्भवला' एवढेच असेल, तर ते पुरेसे कारण नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये एका निवृत्त सुभेदाराच्या मधुमेहाच्या प्रकरणात हेच सांगितले.

उशिराबद्दल दोन गोष्टी. २००८च्या नियमांनुसार सेवा सुटल्यावर १५ वर्षांनी दावा केला, तर सिद्ध करण्याचा भार जवानावर येतो. आणि तरसेम सिंग प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवृत्तिवेतनाचा हक्क उशिरामुळे बुडत नाही, पण थकबाकी दावा दाखल होण्याआधीच्या तीनच वर्षांची मिळते. तो सैनिक १९८३ मध्ये बाहेर पडला होता आणि १९९९ मध्ये न्यायालयात गेला. मधली बहुतेक वर्षे फुकट गेली.

रक्कम किरकोळ नाही. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, असा अपंगत्व घटकाचा हिशेब आहे. २० टक्क्यांच्या आत काही नाही, पण २० असेल तर ते ५० धरले जाते. राम अवतार निकालानंतर (२०१४) हा फायदा पूर्ण मुदत करून निवृत्त झालेल्यांनाही मिळतो.

मार्ग असा: नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिले अपील, मग दुसरे, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. त्याचे खंडपीठ मुंबईतही आहे. पण तिथे जिंकलेल्या जवानाविरुद्धही सरकार वरच्या न्यायालयात जाते, ही खरी लाजिरवाणी बाब. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अशी अपिले आवरा असे सुचवले होते. दहा वर्षांनंतरही दिल्लीच्या न्यायालयात ती ढिगाने होती. कर्नलला वकील परवडतो. हवालदाराच्या विधवेला तारखांचा प्रवासखर्चही जड जातो.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. वरचे निकाल जुन्या नियमांवरचे आहेत, म्हणून त्या तारखेनंतर सुटलेल्यांनी ते जसेच्या तसे लागू होतील असे धरून चालू नये. त्याआधी सुटलेल्यांनी अपिलात तीन गोष्टी लिहाव्यात: भरतीवेळची वैद्यकीय श्रेणी, वर्षवार नेमणुकीची ठिकाणे, आणि आजार पहिल्यांदा कुठे व केव्हा दिसला. नेमणुका आठवत नसतील तर डिस्चार्ज बुक आणि एकाच कंपनीत राहिलेल्या दोन सोबत्यांची शपथपत्रे कामी येतात. अर्ज करायला मदत लागली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथून पोच घेतल्याशिवाय उठू नये.