एकटेपणाच्या घरी अफवेचा मुक्काम

बहुतेक प्रत्येक खानदानात असे एक माणूस असते. कुणाचे मामू, कुणाची फुफी, कुणाचे निवृत्त मास्तर असलेले चाचा. फज्रची नमाज झाली की फोन हातात येतो आणि संदेश पुढे पाठवणे सुरू होते. लसीत काय मिसळले आहे, मोबाइलच्या टॉवरमधून कोणता आजार पसरवला जात आहे, जगाची सगळी सूत्रे कोणत्या चार घराण्यांच्या हाती आहेत. घरातली तरुण मुले आधी हसतात, मग वाद घालतात, शेवटी ते संदेश न उघडताच पुसून टाकतात. 'अडाणी आहेत, कोण समजावणार?' म्हणून विषय संपतो. पण मास्तर अडाणी नाहीत. त्यांनी जन्मभर मुलांना विज्ञान शिकवले आहे.

ही हसण्यावारी न्यायची गोष्टही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश त्याआधी कित्येक दिवस फोनाफोनी फिरत होते. टोळी कुठेच नव्हती. त्याच सुमारास मालेगावातही बाहेरून आलेल्या एका कुटुंबावर असाच जमाव धावून गेला. त्यांच्यासोबत दोन वर्षांचे मूल होते. तिथल्या एका घराने त्यांना आत घेतले, पोलिस पोहोचले आणि जीव वाचले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ते बरेच झाले. पण माणसाला तो पाठवावासा का वाटतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

या प्रश्नाला हात घालणारा एक अभ्यास २०२४ साली 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात आला. नॉर्वेतील २,२१५ जणांची माहिती त्यात आहे. १९९२ साली ही सगळी शाळकरी वयाची मुले होती. २०२० पर्यंत, म्हणजे २८ वर्षे, त्यांना अधूनमधून प्रश्न विचारले गेले. तरुण वयात जे जास्त एकटे होते आणि ज्यांचा एकटेपणा वयाबरोबर वाढत गेला, त्यांच्यात पुढे मध्यम वयात 'प्रत्येक गोष्टीमागे कुणाचा तरी गुप्त डाव असतो' असे मानण्याकडे कल अधिक दिसला. एकटेपणा हेच कारण, असे यावरून ठामपणे म्हणता येत नाही. सगळी एकटी माणसे संशयी होतात असेही नाही. आम्ही अशा कितीतरी विधवा बायका पाहिल्या आहेत ज्या एकट्या राहतात आणि कुणाविषयी वावगा शब्द काढत नाहीत. तरीही या अभ्यासाने आपले बोट एका वेगळ्या जागेवर ठेवले आहे. आपण शिक्षणाकडे पाहत होतो, आणि बिघाड कदाचित सोबतीत आहे.

नॉर्वे राहू द्या, आपले खालापूर पाहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तालुक्याच्या मधून जातो. टोलनाक्यावर हजारो गाड्या क्षणभर थांबतात आणि निघून जातात. खोपोलीची, कर्जतची कामावर जाणारी मुले अंधारात लोकल पकडतात. कर्जतहून मुंबई गाठायला दोन तास, परत यायला दोन तास. इशाच्या वेळी घरी आलेल्या मुलाला जेवण आणि झोप यापलीकडे काही सुचत नाही. काही मुले आखातात आहेत. जमिनी विकल्या गेल्या, तिथे फार्महाऊस झाली. ज्या पायवाटेने बायका एकमेकींकडे जायच्या तिथे आता कंपाउंडची भिंत आहे, आणि भिंतीपलीकडे सोमवार ते शुक्रवार फक्त वॉचमन. पैसा आला हे खरे. पण ओट्यावर बसायला येणारे माणूस कमी झाले. एकटेपणा फक्त म्हाताऱ्यांचा नसतो. नवरा कतारला, सासर नवे, माहेर म्हसळ्याला, अशी बावीस वर्षांची सून भरल्या घरात एकटी असू शकते.

खोपोलीच्या पलीकडे एका वस्तीत राहणाऱ्या एका खालांना आम्ही ओळखतो. शौहर वारले, एक मुलगा कुवेतला, दुसरा मुंब्र्याला. त्यांच्या फोनवर दोनशे माणसांचा एक गट आहे. आम्ही एकदा विचारले, 'खाला, हे सगळे खरे वाटते तुम्हाला?' त्यांनी उत्तर दिले नाही, फोन पुढे केला. आदल्या दिवशी त्यांनी एका औषधाविषयीची चित्रफीत पाठवली होती. खाली चाळीस जणांनी 'जजाकल्लाह' लिहिले होते. 'दिवसभरात मला सलाम करणारे हेच,' एवढेच त्या म्हणाल्या.

आमच्या मते सगळे उत्तर त्या चाळीस जणांत आहे. औषधाची ती बातमी खरी की खोटी हा खालांचा प्रश्नच नव्हता. त्यांनी काही दिले आणि ते कुणीतरी घेतले, हे महत्त्वाचे होते. कटाची गोष्ट एकट्या माणसाला आणखीही काही देते. जे डॉक्टरला, मुलाला, सरकारला ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे, हा मान देते. आणि फोन करायला निमित्त देते. कुवेतच्या मुलाला आई रोज काय म्हणून फोन करणार? 'जेवलास का?' हे दोन मिनिटांत संपते. पण 'बेटा, ते अमुक खाऊ नकोस, त्यात विष आहे' म्हटले की बोलणे लांबते. मुलगा चिडतो, तरी बोलतो. पुढे तो फोन उचलेनासा होतो आणि खालांकडे तो गट तेवढा उरतो.

एका माणसाचे जे होते ते कधी कधी सबंध वस्तीचे होते. मार्च-एप्रिल २०२० मध्ये निजामुद्दीनच्या मरकजचे निमित्त करून मुसलमान मुद्दाम कोरोना पसरवत आहेत, असा कट रचून सांगितला गेला. भाजी विकणाऱ्याला नाव विचारून हाकलले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे नोंदवले. खोटी कटकथा अंगावर आली की काय होते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार? आणि तरीही लसीने मूलबाळ होत नाही, ही तशीच खोटी गोष्ट आपल्याच काही मोहल्ल्यांनी जवळ केली. १९७६ सालच्या नसबंदीच्या सक्तीची आठवण घराघरांत होती, म्हणून संशयाला जागा होती, हे आम्हाला मान्य आहे. पण २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला तेव्हा लस न घेतलेल्या लेकरांनी त्याची किंमत मोजली. ज्या वस्तीशी बाहेरचे कुणी बोलत नाही, ती आपल्यातच बोलत राहते.

हे आजचेही नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा इस्पितळात नेलेल्या माणसाच्या शरीरातून तेल काढतात, अशी बोलवा होती. ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील मुसलमान विणकरांनी तपासणी पथकाला घरातल्या आजारी बाईपाशी जाऊ दिले नाही आणि दंगल झाली. सरकारचे फलक, हुकूम, पथके यांनी लोक बधले नाहीत. हाफकिन यांची प्लेगची लस तेव्हा नवी होती. विशीतले आगाखान, सर सुलतान महंमद शाह, यांनी आपल्या जमातीच्या लोकांसमोर स्वतः ती टोचून घेतली आणि त्यांच्या माणसांची भीती कमी झाली. त्यांनी फक्त समजावले असते तर इतका उपयोग झाला असता असे आम्हाला वाटत नाही. ओळखीच्या माणसाने समोर बाही वर केली, हे लोकांनी पाहिले.

सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याचा आणि फार संशय टाळण्याचा हुकूम आहे. पुढे पाठवणाऱ्या मामूंना आपण तो नेहमी ऐकवतो. आजाऱ्याची इयादत आणि शेजाऱ्याचा हक्क हे मात्र आपल्यासाठी आहेत, तिकडे आपले लक्ष कमी. जुम्म्याला जे बुजुर्ग दोन वेळा दिसले नाहीत त्यांच्या घरी कुणीतरी जावे, एवढी व्यवस्था मशिदीत करायला खर्च नाही. बायका मशिदीत येत नाहीत तिथे हे काम बायकांनीच उचलायला हवे. आणि गेल्यावर चित्रफितीचा विषय आपण काढू नये. 'हे खोटे आहे, हा पुरावा बघा' म्हणत गेलेले माणूस पाहुणे राहत नाही, वकील होते. त्यापेक्षा काही मागावे. लोणच्याचे प्रमाण विचारावे, जुन्या नात्यांची माहिती विचारावी, मुलाला कुरआन पढवाल का म्हणावे.

त्या खालांच्या शेजारची नववीतली मुलगी आता संध्याकाळी त्यांच्याकडे अभ्यासाला बसते, कारण तिच्या घरात जागा नाही. खाला तिला घावन करून घालतात. एखादी बातमी आली की आधी तिला दाखवतात, 'हे खरे का गं?' ती शोधून सांगते. कधी खालांना पटते, कधी नाही. मागच्या आठवड्यात मुलीने साफ खोटे ठरवलेली एक चित्रफीत त्यांनी तरीही पाठवली, पण गटावर नाही. फक्त आम्हाला, आणि खाली लिहिले होते, 'ही पोरगी नाही म्हणते, तुम्ही सांगा.'